वन्संनी आणलेलं झबलं

बारशाला घातलेल्या झबल्याची किनार अचानक लाल झाली. श्वास मोजणारी ही झबली आल्यापासून गावात न्यूमोनियाने एकही मूल दगावलं नव्हतं. चारुलता बाळाला घेऊन उपकेंद्राकडे धावली.

नर्स वत्सलाताईंनी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठेचाळीस.

"झबलं कुणाचं?"

"वन्संच्या मुलाचं. पहिलं जुनंच घालतात ना!"

"तो केवढा?"

"दोन वर्षांचा."

"मग कापडात अजून त्याचीच जन्मतारीख आहे. त्याच्या हिशेबी आत तोच आहे. त्याला अठ्ठेचाळीस म्हणजे धोका. तुझ्या बारा दिवसांच्या बाळाला साठाच्या आत ठीक."

त्यांनी झबल्यातली जन्मतारीख बदलली. किनार पांढरी झाली.

"पळ आता. पाळण्यापाशी आत्या खोळंबली असेल."

"खोळंबू दे," डोळे पुसत चारुलता हसली. "आधी वन्संची खरडपट्टी, मग बाळाच्या कानात नाव."