निवळलेलं पाणी

"पाणी असंच राहू द्या, मावशी. त्यात काही टाकू नका."

गौरवनं हे दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा जैनबच्या हातातली पाचोळा काढायची जाळी थांबली. तुंगार्लीतल्या या बंगल्याची राखण करताना तिनं नाना तऱ्हेचे पाहुणे पाहिले होते, पण असा पहिलाच. बोअरचं पाणी जड. गच्चीवरच्या काळ्या सोलर नळ्यांतून फिरून ते कोमट झालं, की त्यातले क्षार सुटायचे आणि सगळा स्विमिंग पूल ताकासारखा पांढरा व्हायचा. फेब्रुवारीत पोहायला आलेली माणसं ते बघून नाकं मुरडायची आणि मालकाला फोन लावायची. हा बुवा मात्र खूश होता.

"तळ दिसत न्हाई, साहेब. खोल कुटं, उथळ कुटं, ताईंना कळायचं न्हाई."

"तेच बरं," गौरव म्हणाला आणि लगेच विषय बदलला. "फक्त गार नको. पहिल्याच पायरीला गार लागलं तर ती उतरणार नाही. आणि उद्या सकाळी आम्ही इथं असताना कुणी नको. तुम्हीसुद्धा."

जाता जाता त्यानं काठावरचं रबरी बदक आणि हवेची ट्यूब दाखवली. "हे आत ठेवा. कुलपात."

जैनबनं ठेवलं, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बुडत्याला धरायला ट्यूब लागते. ती कुलपात कशाला?

त्याची बायको कोमल व्हरांड्यात बसली होती, पूलकडे पाठ करून. जैनबनं तिच्यासमोर चहा ठेवला.

"पवता येतं का, ताई?"

"नाही."

"मग उतरताय कशाला?"

"गौरव म्हणतो उतरायचं." कोमलनं कपाला हातही लावला नाही. चहावर साय धरली.

"गाव कुटलं तुमचं?"

"तळेगावलाच राहतो आम्ही. घरी सांगितलं नाहीये इथं आलोय ते."

आता तळेगाव दाभाडे ते तुंगार्ली अंतर ते किती. एवढ्या जवळचं माणूस घरी न सांगता इथं मुक्कामाला येतं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी नको. जैनबनं नवऱ्याला गाठलं. अजीम मोटारीच्या खोलीत नळाच्या तोंडावरची पांढरी खपली खरवडत बसला होता.

"गेल्या साली त्या म्हाताऱ्या जोडप्याला तू पळून आल्यालं ठरवलं व्हतंस," तो म्हणाला.

"ते येगळं. ह्यो माणूस बरा न्हाई."

"पाव्हणा हाय तो. दोन दिसांनी जाईल."

"तो जाईल. ती जाईल का?"

अजीम हसला आणि परत खरवडायला लागला.

दुपारी जैनब चादरी वाळत घालत होती. जांभळाच्या पलीकडे गौरव फोनवर बोलत होता, अगदी दबक्या आवाजात.

"हो, उद्या सकाळी. नाही, तिला सगळं सांगितलेलं नाही. तिला तळ दिसायला नको, एवढंच बघतोय. एकदा आत उतरली की झालं."

जैनब घाबरली, अगदी खरंखुरं घाबरली. कोमल तिच्या लेकीच्या, जीनतच्या वयाची. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर पोलिसांना काय सांगायचं, आणि पोलिसांचं सोडा, वर अल्लाला काय सांगायचं? कोमलच्या कानावर घालावं, तर ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तिनं जाऊन त्यालाच सांगितलं असतं.

मग जैनबला आपल्या आईची आठवण झाली. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं, की आई हंड्यात तुरटी फिरवायची आणि सकाळी हंड्याचा तळ लख्ख दिसायचा. हंडा काय आणि पूल काय, पाणी ते पाणी.

संध्याकाळी नवराबायको धरणाकडे फिरायला गेली. जैनबनं बाजारातून तुरटी आणली, खलबत्त्यात कुटली, बादल्यांत विरघळवून पूलभर ओतली आणि मोटार बंद ठेवायला लावली. अजीमनं कपाळावर हात मारला, पण बादल्या त्यानंच उचलल्या. वरून निळं प्लास्टिकचं आच्छादन ओढलं. त्यानं ऊबही टिकणार होती आणि गौरवला काही दिसणारही नव्हतं.

उजाडताच तिनं आच्छादन गुंडाळलं आणि खाली बसलेला साका पाइपनं ओढून घेतला. पाणी कोमट होतं आणि असं निवळलं होतं, की तळाची फरशी मोजून घ्यावी. जैनबला फार बरं वाटलं. तरी ती तिथून हलली नाही. झाडू घेऊन काठावरच उभी राहिली, आणि अजीमलाही तिनं बांबू देऊन कुंपणाशी उभं केलं.

गौरव कोमलचा हात धरून आला. ती खाली मान घालून चालत होती. पाणी दिसताच गौरव जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कुणी केलं?"

"मी," जैनब म्हणाली. "तळ दिसतोय आता, साहेब. काय झालं तर समद्यांना दिसंल."

त्यानं घाईघाईनं कोमलच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि तिला मागं ओढायला लागला. सापडला, जैनबनं मनात म्हटलं.

"हात काढा त्यांच्या डोळ्यांवरचा," ती म्हणाली. कुंपणापासून अजीमही दोन पावलं पुढं आला.

हात कोमलनंच बाजूला केला. ती काठाशी गेली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. मग हळूहळू फरशीवर बसली.

"तळ दिसतोय, गौरव," ती म्हणाली. "आपली सई तळाशी निपचित पडली होती, त्या दिवशीही असाच दिसत होता."