खोकल्याची चौकशी

वकिलांच्या कचेरीत भाच्याने संमतीचा कागद पुढ्यात ओढला, तशी आत्या भांडायला सरसावून बसली. तिच्याकडे टोमण्यांचा साठा असा होता, की रोज दहा वापरले तरी शंभर वर्षं पुरावा.

सहा वर्षांपूर्वी याच वकिलांच्या टेबलावर तिने मृत्युपत्र नव्हे, पक्कं बक्षीसपत्र लिहून दिलं होतं: जिवंत असेपर्यंत घर आत्याचं, तिच्यामागे भाच्याचं. आता तिला ते नाव बदलायचं होतं. वकील म्हणाले, भाच्याच्या सहीशिवाय त्यातलं अक्षरही हलणार नाही.

भाचा प्लंबर. दर रविवारी यायचा, टाकी धुवायचा, गच्चीची गळती बुजवायचा, भिंतीला कान लावून पाइपाची धडधड ऐकायचा. आणि आत्याचा खोकला? तो असा दणदणीत, की पहिल्या उबळीला गल्लीतली कबुतरं उडायची आणि दुसऱ्या उबळीला न उडालेली लाजून उडायची. त्याबद्दल या पठ्ठ्याने सहा वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. घराची नाडी बघतो, माझी नाही, असं ती गल्लीभर सांगायची. त्यापेक्षा कोपऱ्यावरचा औषधवाला बरा. तो रोज खोकल्याची विचारपूस करायचा आणि वर एक बाटली विकायचा. तेव्हा घर आता औषधवाल्याला.

भाच्याने मजकूर वाचलाही नाही. सही ठोकली, पेनाला टोपण लावलं आणि भरलेली टाकी दहा मजले चढवून खाली ठेवावी तसा श्वास सोडला.

“अरे, वाचलंस तरी का? घर गेलं तुझ्या हातचं.”

“गेलं ना? नक्की?” त्याने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी मान हलवली. मग त्याने खुर्ची आत्याकडे वळवली. “कागद झाला त्याच आठवड्यात मी तुझी तब्येत विचारली होती. तू चारचौघांत म्हणालीस, ‘आहे रे अजून, घाई करू नकोस.’ सगळी गल्ली हसली. तेव्हापासून तोंड शिवून बसलोय. आता सांग, खोकला कसा आहे?”

टोमण्यांचा शंभर वर्षांचा साठा तसाच बाजूला राहिला. आत्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. कोरडा कधी, ओला कधी, कुठल्या कुशीवर वाढतो.

तासाभराने वकिलांनी घसा खाकरला. “बाई, औषधवाल्याचं नाव घालायचं ना?”

“थांबा हो,” आत्या म्हणाली, “आत्ता कुठे दुसऱ्या वर्षाच्या खोकल्यावर आलेय.”