काचेच्या पेटीतला कंपास

१४ मार्च, सायंकाळचे साडेपाच. शाळेच्या स्मृतिसमितीत आठ सभासद, सगळे दिवंगत सरांचेच विद्यार्थी. सरांच्या पत्नी केवळ निमंत्रित, मताधिकाराविना. समोर सरांचा फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास होता आणि तो काचेच्या पेटीत कुलूपबंद ठेवण्याचा ठराव. काकू सरळ म्हणाल्या, “तो भूमितीच्या वर्गात द्या.” “मुलं मोडतील हो, काकू!” अध्यक्ष कळवळले. “मोडू देत. तीनदा मोडला होता. प्रत्येक वेळी ह्यांनी नि लेकीने जेवणाच्या टेबलावर खिदळत चिकटवला. वाढलेलं निवायचं, पण हे मुलांवर रागावले नाहीत.” “वा! हेच पेटीखाली लिहू,” चिटणीस गहिवरले. काकूंनी कपाळावर हात मारला. “अरे, लिहू नका, वापरा! तुम्ही त्याच्यावरच शिकलात ना?” “म्हणूनच तळहाताच्या फोडासारखा जपू.” सगळ्यांचे डोळे भरले होते, भांडायचं तरी कुणाशी? ठराव मंजूर: आठ विरुद्ध शून्य.