कानातली वायर

बायको कुंदा गेल्याचा फोन भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आला, त्या दिवशी इश्वरनं तोच फोन चौदा वर्षांच्या लेकीच्या, डिंपलच्या हातात दिला. ओसरीवर बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, कुंदाचा एकेक गुण सांगत रडत होत्या. तो आकांत पोरीला सोसणार नाही म्हणून त्यानं स्वतःच तिच्या कानात हेडफोनची वायर घातली आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेली कुंदा. धान कापून घरात आलं तरी ती वायर काही निघेना. मैत्रिणींचा ग्रुप सारखा वाजत राही आणि जेवतानाही डिंपलची मान वर होत नसे.

साकोलीहून आलेली बहीण इश्वरला म्हणाली, "तूनंच लाडावून ठेवली, दादा. माय मेल्याचं काई वाटते का हिले?"

बहीण गेल्यावर इश्वरनं रागानं वायर ओढली आणि फोन फडताळात टाकला. वाटलं, पोरगी भांडेल.  पण ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी बाया आईचं काय काय सांगून रडत होत्या? मले आयकूच नाही आलं."

 इश्वर उठला आणि फडताळातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

"घे. मैत्रिणी वाट पाहून राहिल्या असतील."

तिनं वायर कानात घातली.

कुंदासाठी रडायचं त्या दोघांचं अजून राहिलंच आहे.