माणूस लागत नाही

बर्फ पडायला लागला की आमच्या शेजारचे किसाबुरो आजोबा उजाडायच्या आत फावडं घेऊन अंगणात उतरायचे आणि मुलाची गाडी निघायच्या आधी गेटपर्यंतची वाट मोकळी करून ठेवायचे. उत्तर जपानातल्या आमच्या असाहिकावात हे काम कुणाला चुकत नाही. यंदा मुलानं, मोरिओनं, बर्फ आपोआप वितळावा म्हणून वाटेच्या काँक्रीटखाली गरम करायची सोय बसवायचं काढलं. गरम पाण्याचे पाइप की विजेच्या तारा, एवढंच ठरायचं होतं.

"पाइप घ्या," आजोबा म्हणाले. "बॉयलरमध्ये रॉकेल भरायला, त्याच्याकडे बघायला माणूस लागतो खरा, पण मी आहे की घरात."

"या वयात कशाला ती दगदग, बाबा," म्हणत सुनेनं त्यांच्या वाटीत आणखी मिसो सूप वाढलं. "तुमची कंबर आधीच धरलेली असते. तारा बसवल्या तर?"

आजोबांना भरून आलं. "मग ताराच घ्या. बर्फ पडला की आपल्या आपण तापतात. त्यांना घरात माणूस लागत नाही."

दुपारी ते कुंपणापाशी येऊन मला ऐकवून गेले, "सुनेला काळजी आहे हो माझी. तुम्हाला कोण विचारतंय?"

***

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या दारात अडकल्या. वृद्धाश्रमाची गाडी तेवढी कोरड्याठाक वाटेवरून थेट आजोबांच्या पायरीपर्यंत आली.