ढोबळे सरांची शिफारस

"लेटर तूच लिहून आण वं," ढोबळे सर म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालच्या डस्टबिनात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पिचकारी मारली. "मी सही करून देतो. मले टाइम कुठं आहे?"

मेघा दोन पावलं मागं सरली. डस्टबिनात कुणाच्या तरी उत्तरपत्रिका होत्या. त्यांच्यावरून लाल ओघळ खाली चालला होता.

महाल भागातल्या या कॉलेजात ढोबळे सर अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. मेघा त्यांची जुनी विद्यार्थिनी. बीएला अठ्ठेचाळीस टक्के, त्यात स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास. असला निकाल घेऊन ती बंगळुरूच्या एका संस्थेत एमएला अर्ज करत होती. पन्नास टक्क्यांच्या खालचे अर्ज तिथं सहसा बघतही नाहीत. एकच फट होती. मार्क कमी का पडले, हे तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकानं पत्रात लिहून कळवलं, तर मुलाखतीला बोलावतात. पत्र आज पाचच्या आत पोहोचायला हवं होतं. त्यासाठी ती गेले वीस दिवस सरांकडे खेटे घालत होती.

मुलाखतीत सांगण्यासारखं तिच्याजवळ होतं. हिंगण्याच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. तिथल्या बायका वर्षाच्या आत काम का सोडतात, हे तिनं एकेकीला गाठून विचारलं, लिहून काढलं. पगार कमी म्हणून, असं सगळे म्हणायचे. निघालं भलतंच. कंपनीची बस रात्री चौकात सोडून द्यायची. चौकाजवळ राहणाऱ्या टिकल्या, लांबच्या काम सोडून गेल्या. हे आकड्यांत मांडायला लागणारं स्टॅटिस्टिक्स ती मोबाइलवर बघून शिकली होती, जेवणाच्या सुट्टीत.

विभागाच्या क्लार्क अंजनाबाईंनी कपाटातून एक फाईल काढली आणि आपला कॉम्प्युटर तिला मोकळा करून दिला. "यातलं पाहून लिही वं पोरी. सारे तसंच करतात. सही झाली की मी सरांच्या मेलवरून पाठवून देतो."

फाईलमध्ये अकरा पत्रं होती. अकराही जण सरांच्या 'वीस वर्षांच्या नोकरीतले सर्वांत हुशार विद्यार्थी' होते. गेल्या वर्षीची टॉपर वैदेही तर दुसऱ्या परिच्छेदात चक्क अपूर्व झाली होती. आधीच्या मुलाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. त्याखालीही सरांची झोकदार सही होतीच. हा माणूस ज्यावर सही करतो ते वाचतसुद्धा नाही!

मेघाला शिसारी आली. सरांची आली, त्या अकरा जणांची आली. मग समोरच्या पडद्याकडे लक्ष गेलं. तिथं तिच्याच बोटांनी लिहिलं होतं, 'मेघा ही माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतली'. आता तिला स्वतःचीच किळस आली. तिनं ती ओळ पुसून टाकली.

नाहीतरी सर वाचणार नाहीत. मग खरं लिहायला काय हरकत आहे? ती सरांच्या वतीनं लिहीत सुटली.

'मेघाला मी नीट ओळखत नाही. तिला स्टॅटिस्टिक्स शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. अख्ख्या वर्षात मी नऊ तास घेतले. ती दुसऱ्या शिफ्टहून रात्री बाराला घरी पोहोचायची आणि सकाळी मागच्या बाकावर झोपायची, हेही खरं आहे. ती नापास झाली तेव्हा मी तिला गाईडमधली वीस उत्तरं पाठ करायला सांगितली. पुन्हा नापास झाली तेव्हा काहीच सांगितलं नाही. आज तिला जे येतं, त्यात माझा वाटा नाही.' पुढं तिनं बसचं आणि बायकांचं सगळं लिहिलं. एकही गोष्ट फुगवली नाही. लिहिता लिहिता दोन पानं झाली.

तिथंच ती फसली. सरांची पत्रं कायम एका पानाची असायची.

"दोन पानं काहून?" सरांनी सहीसाठी उघडलेलं पेन तसंच हातात राहिलं. त्यांनी पहिलं पान उचललं आणि ते वाचायला लागले.

साडेचार वाजले होते. दुसरं पत्र लिहायला आता वेळ नव्हता. हे दोन कागद फाटून त्या डस्टबिनात जाणार, त्यांच्यावर पिचकारी पडणार, आणि उद्यापासून आपण आहोत आणि पॅकिंग आहे. माफी मात्र मागायची नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं. या माणसाची तर नाहीच.

सरांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी दुसरं पान वाचलं. मग पुन्हा पहिलं घेतलं. तोंडातला खर्रा थुंकायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी तो गिळला.

"नऊ तास कुठून आणले वं?" त्यांनी विचारलं.

"हजेरीवरून, सर." या वेळी ती मागं हटली नाही. "माझ्या वहीत तारखा आहेत."

सरांनी वर पाहिलं नाही. पेनाचं टोक त्यांनी त्या आकड्यावर ठेवलं होतं.

"त्यातले दोन दिवस मी नुसती हजेरी घेऊन निघून गेलो होतो. सात कर, मग सही करतो."