दोन ते तीन नळ बंद

दोनला पाच कमी असताना तिने रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायला लावलं आणि मीटरपाशी उकिडवी बसली.

दोन ते तीन साऱ्या वस्तीने नळ बंद ठेवायचे, असं ठरलं होतं. त्या तासात मीटरमधून जे पाणी जाईल, ती गळती. तीन महिने पाइप दुरुस्त केल्यानंतरची ही परीक्षा. पाइपांची आणि तिचीही.

"मिनिटाला चार लिटर!" फिटर ओरडला. "मॅडम, आधी साठ होते!"

तिला हसू फुटलं. हा आकडा घरी सासऱ्यांच्या कानावर घालायचाच. सकाळीच ते म्हणाले होते, "थेंब मोजून पगार घेते आमची सूनबाई! मी नळ बंद करतो की नाही, बघच तू." लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिच्या नोकरीचा विषय टोमण्याशिवाय त्यांनी कधी काढला नव्हता.

दोन वीसला आकडा चढला. तेरा. आणि तिथेच थांबला.

"पाइप फुटला असता तर वाढत गेला असता," फिटर म्हणाला. "हा कुणीतरी नळ सोडलाय."

एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह तो बंद करत गेला. चौथी गल्ली बंद झाली आणि आकडा धाडकन खाली आला.

चौथी गल्ली तिचीच.

"मॅडम, मी काही बोलत नाही."

"नकोच बोलू. मीच जाऊन बोलते."

ती तरातरा निघाली. वाटेत चार वाक्यं तयार केली. त्यातलं एकही सुनेने बोलण्यासारखं नव्हतं.

आपल्याजवळच्या किल्लीने दाराचं लॅच उघडून आत गेली. "बाबा!" सासरे न्हाणीत फरशीवर पडले होते. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. शेजारी खालचा नळ, टाकीचा नव्हे तर थेट लाइनवरचा, सताड उघडा होता. चारही वाक्यं तिथेच विरली.

"आणखी अर्धा तास गेला असता, तर मला काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

बाराव्या दिवशी त्यांची जीभ जराशी वळू लागली. ती चमच्याने दूध भरवत होती.

"तुमच्या हट्टाचेच उपकार, बाबा," तिने डोळे पुसले. "मला चिडवायला नळ सोडलात, म्हणून तर मी धावत आले. यापुढे रोज सोडा, एक अक्षर बोलणार नाही."

सासऱ्यांनी डावा हात हलवला.

"बंद... होता. तू सांगितलंस तसा. पडलो... आवाज फुटेना. मग सोडला."

"कशाला?"

"तू मीटरवर होतीस ना."

तिने चमचा वाटीत ठेवला.

"मग पाणी थांबलं," ते म्हणाले. "तेव्हा म्हटलं... आता पोचतेच सूनबाई."